गप्प बसणारा एसएमपीएस

डिसेंबरात पुतण्या अकोल्याहून आला तो खिशात वहीचे एक पान घडी घालूनच. इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष, थ्रीडी मॉडेलिंग शिकायचे, मधूनमधून गेमही खेळायचे; त्यासाठी कॉम्प्युटर स्वतः जुळवायचा असा बेत होता. पानावर सगळे नेमके लिहिले होते. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एसएसडीची कंपनी, इतकेच काय, कॅबिनेटच्या आतल्या दिव्यांचा रंगसुद्धा. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'एसएमपीएस – कोणताही, ४५० वॉट.'

लग्नपत्रिकेत आचाऱ्याचे नाव कोणी छापत नाही, तशातलाच हा प्रकार. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, चांगला असला म्हणून गेम एका फ्रेमने जास्त पळत नाही. तो कॅबिनेटच्या कोपऱ्यात झाकलेला, करड्या नाहीतर काळ्या पत्र्याचा. मग खर्च वाचवायची वेळ आली की कात्री पहिली त्याच्यावरच चालते. पण आपण ज्या अख्ख्या पेटीला सरसकट 'सीपीयू' म्हणतो, तिच्यातला प्रत्येक वॉट याच डब्यातून जातो. शिवाय रात्री घर झोपल्यावर जी घरघर ऐकू येते, तिच्यातही बऱ्याचदा याचाच मोठा वाटा असतो.

आम्ही दोघे पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. पहिल्याच दुकानात कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळत होता. "काका, फ्री आहे!" पुतण्या कानात पुटपुटला. मी तो हातात घेऊन पाहिला. पावाची लादीच उचलल्यासारखे वाटले. पाठीमागे तळहाताएवढा, ८० मिलिमीटरचा पंखा आणि त्याखाली ११५/२३०चे लाल बटण. दुकानदार म्हणाला, "साहेब, साडेचारशे वॉटचा आहे, काही होत नाही. सगळे हाच नेतात." बाजूच्या लेबलवर ४५० हा आकडा खरोखरच मोठ्या अक्षरांत होता. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते: १२ व्होल्ट, १४ अँपिअर.

एसएमपीएस घेताना वाचायचे ते हे बारीक अक्षर. बाराला चौदाने गुणले की १६८ वॉट होतात. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही १२ व्होल्टच्या तारेवरच जगतात. ३.३ आणि ५ व्होल्टच्या तारांना किरकोळ काम उरले आहे. पूर्वी परिस्थिती वेगळी होती, तेव्हा ५ व्होल्टवर बरीच यंत्रणा चालायची. त्या काळाची आकडेमोड या लेबलवर अजून तशीच छापली जाते. न लागणाऱ्या तारांचे वॉट मिळवून बेरीज फुगवायची की झाला साडेचारशेचा! चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ४३ ते ४५ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथेच. दुकानात फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर हा एक गुणाकार केला तरी निम्मा कचरा बाजूला पडतो.

आता आवाजाकडे. पंखा असतो म्हणून आवाज असतो हे कोणीही सांगेल. पंखा का असतो, हे समजले की खरेदी सोपी होते.

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० हेलकावे घेणारी. जुन्या रेडिओंत ती उतरवायला लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असायचा. एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, त्याची रीत निराळी. तो आधी ही वीज एकाच दिशेने वाहणारी करून घेतो. त्यात तिचा दाब सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढतो, चांगल्या नमुन्यांत तर पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट तो चारशेच्या आसपास नेऊन ठेवते. मग काही ट्रान्झिस्टर सेकंदाला कित्येक हजार वेळा उघडझाप करून या विजेचे बारीक तुकडे पाडतात. इतक्या वेगाच्या हेलकाव्यांना काडेपेटीपेक्षा थोडा मोठा फेराइटचा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. शेवटी पुन्हा सरळ करून, गाळून, १२ व्होल्ट बाहेर. या प्रत्येक पायरीवर थोडी वीज वाटेत सांडते आणि सांडलेल्या विजेची उष्णता होते. ती बाहेर काढायला पंखा. जेवढी उष्णता कमी, तेवढा पंखा सावकाश. शांत एसएमपीएसचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे.

पंखाच नको, हा हट्ट घरगुती कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. १९७७ साली आलेल्या ॲपल टू मध्ये पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज खपत नव्हता, म्हणून रॉड होल्ट या इंजिनिअरने त्याच्यासाठी स्विचिंग जातीचा, कमी तापणारा पॉवर सप्लाय बेतला. पुढे जॉब्ज म्हणायचा की साऱ्या जगाने तो होल्टकडून उचलला. ते काही खरे नाही, हे तंत्र उपग्रहांत आणि मोठ्या यंत्रांत आधीपासून वापरात होते. पण कान जपण्यासाठी पॉवर सप्लायपासून सुरुवात करायची, हे मात्र त्याला बरोबर कळले होते. अर्थात त्या यंत्राची भूक चाळीस वॉटांच्या आतली. पुतण्याच्या यादीतले एकटे ग्राफिक्स कार्ड १७० वॉट खाते.

तर हिशेब मांडू. कार्डाचे १७०. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेले असले तरी जोरात असताना तो ७६पर्यंत ओढतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेटचे पंखे मिळून तीस-पस्तीस धरा. सगळे एकाच वेळी घामाघूम झाले तर २८० वॉट. ही झाली आतली मागणी. एसएमपीएसची कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर भिंतीतून ३७३ वॉट ओढावे लागतील, त्यातले ९३ त्या डब्यातच तापतील. ८७ टक्के असेल तर ४२ तापतील. ९२ टक्के असेल तर फक्त २४. कल्पना यावी म्हणून सांगतो: ९३ म्हणजे जुना शंभरचा बल्ब बुटाच्या खोक्यात कोंबून पेटवला असे समजा, आणि २४ म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याचे छोटे सोल्डरिंग आयर्न. पहिल्याला वादळ लागते, दुसऱ्याला झुळूक पुरते. (आणि खरे तर २८० वॉट द्यायची वेळ आली तर तो १६८वाला डबा कार्यक्षमतेची चर्चा करायला शिल्लकच राहणार नाही.)

कार्यक्षमता ओळखायची खूण म्हणजे '८० प्लस'चा शिक्का. ही योजना अमेरिकेत २००४ साली सुरू झाली. २० टक्के, ५० टक्के आणि पूर्ण भारावर निदान ८० टक्के कार्यक्षमता असेल तर शिक्का मिळायचा. पुढे पायऱ्या वाढत गेल्या आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटेनियम अशी पदकांची रांग लागली. ११५ व्होल्टवर तपासताना ब्राँझला अर्ध्या भारावर ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. ११५ व्होल्ट ही अमेरिकेतली वीज. आपल्याकडे दाब दुप्पट, त्यामुळे तेवढ्याच वॉटांना प्रवाह निम्मा लागतो, तारांमधली गळती घटते आणि तोच एसएमपीएस एक-दोन टक्के जास्त देतो. वर धरलेले ८७ आणि ९२ हे आकडे त्यामुळेच. हा शिक्का मात्र नीट पाहून घ्यावा. काही डब्यांवर नुसतेच '८० टक्के कार्यक्षम' असे स्वतःचे स्वतःच लिहिलेले असते. योजनेच्या यादीत त्या मॉडेलचे नाव आहे की नाही, हे इंटरनेटवर दोन मिनिटांत कळते.

मग सरळ गोल्डच का घेऊ नये? पुतण्याचाही हाच प्रश्न होता, आणि त्याचा युक्तिवाद 'वीजबिलात पैसे वसूल होतील' असा. आम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. ब्राँझ आणि गोल्ड यांत पूर्ण जोरात १८ वॉटांचा फरक. रोज तीन तास गेम म्हटले तरी वर्षाला वीस युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर दोनशे रुपये. गोल्डचा नमुना अडीच हजारांनी महाग होता. वसूल व्हायला बारा वर्षे! ज्याचा कॉम्प्युटर दिवसरात्र रेंडरिंग करतो त्याचे गणित वेगळे. घरच्या वापराला बिलाच्या नावाखाली गोल्ड विकत असतील तर हसून पुढे जावे. गोल्डमध्ये आवाज कमी असू शकतो, सुटे भाग बरे असू शकतात, ही कारणे खरी आहेत. त्यांच्यासाठी पैसे मोजायचे तर मोजा.

वॉटांच्या बाबतीत दुकानदारांचा दुसरा सल्ला असतो तो '७५०चा घ्या, पुढे कामाला येईल'. थोडी जास्तीची ताकद हवीच, कारण ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात स्वतःच्या आकड्याच्या बरेच वर उसळी मारते, आणि एसएमपीएस काठावर असेल तर कॉम्प्युटर खटकन बंद होतो. आवाजाच्या दृष्टीनेही सैल माप बरे. बऱ्याच नमुन्यांत निम्म्या भारापर्यंत पंखा आपल्या सर्वात कमी वेगावर रेंगाळतो, त्यापुढे त्याची चाल चढत जाते. म्हणून २८०च्या मागणीला ५५०. कार्डाची मूळ कंपनी एनव्हिडियासुद्धा त्यासाठी ५५०च सांगते. पण त्याच पैशांत हलका ७५० आणि चांगला ५५० यांत निवड असेल, तर हलक्याकडे ढुंकूनही पाहू नका. शिवाय कॉम्प्युटर दिवसाचा बहुतेक वेळ नुसता ब्राउझर उघडून बसलेला असतो, चाळीस-पन्नास वॉटवर. अवाढव्य एसएमपीएस इतक्या कमी भारावर आपल्या कार्यक्षमतेच्या सगळ्यात वाईट टोकाला काम करतो.

हे आकडे कोणावर विश्वास ठेवून घ्यायचे नसतील तर घरातच मोजता येतात. कॉम्प्युटर जुळवून झाल्यावर एका दुपारी आम्ही फ्रिजसकट घरातले सगळे बंद केले आणि जिन्याखालच्या महावितरणच्या मीटरसमोर स्टुले टाकून बसलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० वेळा, असे छापलेले आहे. म्हणजे दोन लुकलुकींमध्ये जेवढे सेकंद जातील, त्यांनी ११२५ला भागायचे, उत्तर वॉटमध्ये. (१६००चा मीटर असेल तर २२५०ला भागा.) मॉनिटरची वायर आम्ही शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या प्लगमध्ये नेली होती. कॉम्प्युटर नुसताच चालू असताना अठरा-एकोणीस सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे साठ वॉट. मग पुतण्या वर जाऊन गेम लावून आला आणि दिवा धापा टाकायला लागला: पावणेचार सेकंद, म्हणजे तीनशे. कागदावरचा हिशेब फार चुकला नव्हता. शेजारच्या आजी दोनदा येऊन 'बिल जास्त आलंय का?' विचारून गेल्या.

पंख्याचे गणितही असेच मजेदार आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज त्याहून कितीतरी पटीने घटतो. साधारण पंधरा डेसिबलने. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, त्यावरून ओळखा. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवणे हे छोटा पंखा पळवण्यापेक्षा केव्हाही भले. ८० मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला की फेऱ्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. आता बहुतेक बऱ्या एसएमपीएसमध्ये १२० ते १४० मिलिमीटरचा पंखा वरच्या किंवा खालच्या बाजूला असतो. जो अजून पाठीमागून ८०चा पंखा घेऊन येतो, त्याला तेवढ्यावरूनच नकार द्यायला हरकत नाही. दुसरी गोष्ट बेअरिंगची. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा नवा असताना शांत असतो, दोन उन्हाळ्यांत तेल सुकले की कुरकुरू लागतो. रायफल बेअरिंग त्याहून टिकाऊ, आणि फ्लुइड डायनॅमिक असेल तर उत्तम. बॉल बेअरिंग टिकते भरपूर, पण पहिल्या दिवसापासून त्याची बारीक किरकिर असते.

आवाजाचा शिक्काही मिळतो, हे अनेकांना ठाऊक नसते. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था एसएमपीएस तपासून कार्यक्षमतेबरोबर आवाजाचीही श्रेणी देते. तिला लॅम्डा म्हणतात. ए प्लस प्लस म्हणजे सरासरी १५ डेसिबलच्या खाली, ए प्लस म्हणजे १५ ते २०, ए म्हणजे २० ते २५, ए मायनस म्हणजे २५ ते ३०. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे २३० व्होल्टवरचे निकाल वेगळे दिलेले असतात. '८० प्लस' आवाजाबद्दल काहीच बोलत नाही. गोल्डचा डबा ब्राँझपेक्षा गोंगाटी निघू शकतो, कारण पंखा कोणत्या तापमानाला किती पळवायचा हे कारखान्यात ठरते. म्हणून माझ्या मते शांतता हवी असेल त्याने धातूचे नाव नंतर पाहावे, आधी ही श्रेणी. आणि कंपनीच्या नावावर नव्हे तर मॉडेलच्या नावावर शोध घ्यावा. खोक्यावर ज्यांचे नाव असते त्यातले बरेच जण स्वतः एसएमपीएस बनवतच नाहीत. चॅनेल वेल, सीसॉनिक अशा तैवानी कंपन्यांकडून ते करवून घेतात, आणि एकाच ब्रँडच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांतल्या असतात.

किती शांत म्हणजे पुरेसे शांत? परदेशातली परीक्षणे वाचताना एक गोष्ट विसरू नये. त्यांच्या खोलीत छताचा पंखा नसतो. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत डोक्यावर तीन पात्यांचा पंखा गरगरत असतो, विदर्भात तर त्याच्या जोडीला खिडकीत कूलर. १५ आणि २५ डेसिबलमधला फरक त्या गदारोळात शोधून सापडायचा नाही. तो कळतो डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, पंखा बंद असताना. शेवटच्या पाच डेसिबलसाठी तीन हजार रुपये मोजण्याआधी वर्षातल्या अशा रात्री मोजाव्यात. ज्याला घरात आवाज रेकॉर्ड करायचा आहे, गाणे शिकवायचे आहे, त्याने खुशाल मोजावेत.

आम्ही शेवटी ५५० वॉटचा ब्राँझ घेतला. १२० मिलिमीटरचा पंखा, १२ व्होल्टवर ४३ अँपिअर, पाच वर्षांची वॉरंटी, ३९०० रुपये. सुट्या वायरींचा मॉड्युलर प्रकार आठशे रुपयांनी महाग होता, तो घेतला नाही. वायरी कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बांधून टाकल्या की त्या कोणाला दिसत नाहीत. (ज्यांच्याकडे मॉड्युलर आहे त्यांनी एका एसएमपीएसची वायर दुसऱ्याला लावू नये. टोके सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असते, आणि हार्ड डिस्क जळू शकते.) पुण्यात तो इतका गप्प होता की चालू आहे का हे पाहायला पुतण्या दर थोड्या वेळाने मागे हात लावायचा.

मे महिन्यात अकोल्याहून फोन आला. "काका, एसएमपीएस विमानासारखा ओरडतोय."

अकोल्याचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसपर्यंत. एसएमपीएसच्या पंख्याला कॉम्प्युटरमध्ये काय चालले आहे ते कळत नाही. आत एक तापमान ओळखणारा कण बसवलेला असतो, तो सांगेल तसा पंखा पळतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या २२ अंशांवर आणि अकोल्यातल्या ४० अंशांच्या खोलीत एकाच कामाला वेगळा आवाज येणारच. म्हणून लेबलवर आणखी एक गोष्ट पाहायची असते: पूर्ण ताकद किती तापमानाला देऊ म्हणतो, ४० अंशांना की ५०? आमचा ५०वाला होता. तरीही विमान जरा अतीच वाटले. मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पाहतो तर त्याच्या बाबांनी हौसेने सुताराकडून कॉम्प्युटर टेबल करून घेतले होते, आणि 'सीपीयू'साठी त्यात एक बेतशीर कप्पा. दोन्ही बाजूंना प्लायवूड, मागेही प्लायवूड, वायरींपुरते एक भोक. एसएमपीएस गरम हवा मागे फेकत होता आणि तीच फिरून खालून पुन्हा ओढत होता. कॅबिनेटच्या तळाची जाळी धुळीने बंद झाली होती, गोधडीसारखा थर. मागचे प्लायवूड काढले, जाळी नळाखाली धुऊन वाळवून बसवली, कप्प्यातून पेटी बाहेर स्टुलावर आली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: 'आता फक्त कूलरचा आवाज.' मुळात कूलर चालू असताना एसएमपीएसचा आवाज तुला ऐकू कसा आला, असे विचारल्यावर कळले की कूलरमधले पाणी संपले म्हणून तो बंद केला होता, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले.

याच कारणाने आपल्या हवेत मला 'शून्य आरपीएम' प्रकाराचे फारसे कौतुक नाही. कमी भारावर पंखा पूर्ण बंद, हे जाहिरातीत छान दिसते. पण पंखा थांबला की आतले कपॅसिटर तापतात, आणि कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होत जाते. शिवाय उन्हाळ्यात तो पंखा सतत थांबणार आणि पुन्हा सुरू होणार. एकसुरी मंद घरघरीची कानाला सवय होते, अधूनमधून येणाऱ्या फुर्रकन आवाजाची होत नाही. कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत, ८५चे नाहीत, एवढे मात्र परीक्षणात नक्की शोधा. वॉरंटीची वर्षे हा त्याचाच दुकानात दिसणारा पुरावा: एक वर्षवाला डबा आणि पाच वर्षवाला डबा यांतला फरक विकणाऱ्यालाही माहीत असतो.

पंखा निर्दोष असून बारीक 'चीं' ऐकू येत असेल तर ते कॉइलचे गुणगुणणे. आतली वेटोळी विजेच्या हेलकाव्यांबरोबर थरथरतात. उघडझाप कानाच्या टप्प्यापलीकडे चालते, पण भार वरखाली झाला की तिची लय कानाच्या टप्प्यात येते. बहुतेकदा हा आवाज एसएमपीएसचा नसून ग्राफिक्स कार्डाचा निघतो. धोका काही नाही, त्रास मात्र होतो. गेमचे फ्रेम ६०वर बांधून टाकले तर बऱ्याचदा जातो.

वीज जाण्याबद्दल थोडे. आपली वीज सेकंदाला ५० हेलकाव्यांची, म्हणजे एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर साठवलेल्या विजेवर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने सूत्रे हाती घ्यायची. हलक्या नमुन्यात कपॅसिटरच छोटा घातलेला असतो, तो त्याआधीच मान टाकतो, आणि लोक यूपीएसला शिव्या देतात. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर इन्व्हर्टरचे बटण 'यूपीएस मोड'वर आहे ना ते पाहा. साध्या मोडवर तो बदलायला फार वेळ घेतो. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटांचा असतो. गेम ऐन रंगात असताना वीज गेली तर मॉनिटर धरून तो अगदी काठावर येतो.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरी असते, आणि खापर एसएमपीएसवर फुटते. प्रत्यक्षात चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांची एक बाजू पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला जोडलेली असते. भिंतीतले तिसरे भोक नुसतेच शोभेचे असेल तर पत्र्यावर साधारण निम्म्या दाबाची वीज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा, पण टेस्टर लुकलुकतो आणि हात झटकला जातो. एसएमपीएस बदलून झिणझिण्या जाणार नाहीत, वायरमनला बोलवा. झिणझिण्या न येणारा स्वस्त डबा जास्त सुरक्षित असतो असेही नाही. त्यात बऱ्याचदा ते गाळणे घातलेलेच नसते.

पहिल्या दुकानातल्या त्या फुकटच्या डब्यावरचे लाल बटणही चुकून ११५वर गेले आणि डबा आपल्या विजेला जोडला तर आतल्या कपॅसिटरवर दुप्पट दाब येऊन फटाका फुटतो. नव्या, पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या नमुन्यांत हे बटण नसतेच. बटण दिसले की माल जुन्या आराखड्याचा, एवढे समजायला ते उपयोगी आहे.

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि उन्हाळा लागण्याआधी, प्लग काढून एसएमपीएसच्या जाळीतून ब्लोअर मारावा. पंख्याचे पाते तेवढा वेळ पेन्सिलीने अडवून धरावे. डब्याचे स्क्रू उघडू नयेत. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट बराच वेळ मुक्कामाला असू शकतात, आणि सील तुटले की वॉरंटीही जाते. त्या वॉरंटीला बिल लागते. दुकानात मिळते ते थर्मल कागदावरचे, दोन पावसाळ्यांत कोरे होणारे. घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवा.